मधला टेकू

पळसवाडी, ता. पोलादपूर
रविवार, १० डिसेंबर २००६

चि. सेजल बाय हिला जानकी आजीचे पोटभर आशीर्वाद. इकडं आम्ही तिघंही बरी हाव. थंडी पडली हाय, वाल पेरून झाले, तांबडी कोंबडी अकरा अंड्यांवर बसली हाय. तुझी खुशाली कळव.

गो बाय, काल महाडहून आले तरी तुझी काकी आवडी मला चिडवते, आत्या, तुम्ही अजून घुमटातच हायसा. हायच मी. चुलीपुढं बसले तरी मान वर जाते. आपल्या घराला वर बघितलं तर आढं, वासे आणि काजळी. तुझ्या बांधकामाच्या जागेत वर बघितलं तर नुसतं आभाळ. आणि तिथं नळ्यांची जाळी येणार, कबड्डीची चार मैदानं मावतील एवढं छप्पर, आणि मधे एक खांब नाय! तू तिथं होतीस म्हणा, पण तुला बघायला फुरसत कुठं होती. कागदाची गुंडाळी काखेत मारून इकडून तिकडं पळत होतीस. म्हणून मी बघितलं ते लिहिते.

येताना एसटीत शेजारी एक बाई बसली होती, कापडे गावची. तिला सगळं सांगितलं. बोलले, माझी नात आर्किटेक हाय, ती बिरवाडीच्या वाटेवर घुमट बांधते. आत कुस्ती, कबड्डी, तो पिसाच्या फुलाला मारायचा खेळ, सगळं एकाच घरात. लग्नंसुद्धा. खेळ नसला की बाकं खणासारखी आत ढकलायची. आणि पूर आला तर महाडच्या माणसांनी पोरंबाळं घेऊन तिथंच यायचं, म्हणून जोतं पुरुषभर उंच. त्या बाईला खांबाचं काय पटेना. मंग मी तिची टोपली घेतली आणि मांडीवर उपडी घातली, तू गणपतीत आमचं कोंबड्यांचं डालगं ओटीवर उपडं घालून दाखवलंस तशी. बोलले, दाब वरून. मोडते का? खालचं कडं पक्कं असलं की वरचं वजन कडेकडेनं खाली उतरतं. टोपलीतले तिचे बोंबील सगळे एसटीत सांडले. कंडक्टर बोलला, आजी, आधी तिकीट घ्या, घुमट मग बांधा.

आता मुख्य सांगते.

तो भटजी बोलला, "घरातली सवाष्ण कोण आहे? मुहूर्तमेढीला हळद लावायला बोलवा." आणि तू एवढ्या साहेबांच्या देखत बोललीस, "माझी आजी लावेल." तो माझ्या कपाळाकडं बघायला लागला. "अहो, पण यांना..." "यांना काय? माझी आजी आहे ती." मी तर पदर ओढून मागं सरले होते. तेवढ्यात तुझ्या काकानं माझा दंड धरला. "चल गो आये. घुमट आपल्या सेजलचा हाय. कोण काय बोलतो ते मी बघतो."

बाय, तुझा आजा गेला त्याला बावीस वर्षं झाली. बावीस वर्षं मी प्रत्येक लग्नात मागच्या दारी, भाताच्या टोपापाशी. तुझ्या बापाची मेढसुद्धा... नाय, तेव्हा आजा होता. पण तुझ्या काकाच्या, महिपतच्या मेढीला मी लांबूनच बघितलं. आणि काल एवढ्या मोठ्या कामाची पहिली मेढ, लोखंडाची, नारळीएवढी उंच, अगदी मधोमध उभी केलेली, तिला हळद माझ्या हातची. आंब्याचा टहाळा मी बांधला, पिवळ्या फडक्यात सुपारी मी बांधली. महिपत वर बघून बोलला, "आता हिच्याभोवती सत्तेचाळीस टेकू आणखी. त्यांच्यावर घुमट जोडायचा, मग टेकू काढून घ्यायचे. आये, बघ, अधांतरी राहतो का नाय."

मुकादम म्हणून तू त्याचं नाव सुचवलंस ते बरं झालं. मुंबईत वीस वर्षं दुसऱ्यांचं सेंट्रिंग केलं त्यानं. आता घरच्या पोरीचं काम हाय, पंधरा माणसं आपल्याच वाडीची हायत, मान वर करून चालतो. पोटी पोर नाय त्यांना, दोघं तुलाच लेक म्हणतात, तुला ठाव हाय.

पत्र लांबलं. दुसरी शिकलेल्या बाईनं एवढं लिहिलं, चुका काढू नको.

हाताची हळद अजून न धुतलेली,
तुझी आजी

*

पळसवाडी
गुरुवार, ३ मे २००७

चि. सेजल हिला आजीचे आशीर्वाद.

इकडं बरं हाय. फणस यंदा बुंध्यापासून धरलाय. करवंदं पिकली. शेतातले राब भाजून झाले, ते भिकूच्या भावानं, सदूनं भाजले, आपण कुणाला सांगितलं नव्हतं, आपणहून आला. तांबड्या कोंबडीची पिल्लं मोठी झाली, त्यातली दोन घारीनं नेली.

सोमवारी तेरावं झालं. तुझा बाप आला होता, तुझी आई आली होती. तू आली नाहीस त्याचं मला काय वाटलं नाय. आवडीलाही नाय वाटलं. तिनं तुझ्यासाठी लाडू बाजूला काढून ठेवला होता, तो तुझ्या बापाबरोबर दिला हाय. मिळाला का?

तुझा बाप बोलला, ती जेवत नाय, कामावर जात नाय, भिंतीला कागद लावून बसलीय आणि आकडे मांडते. बाय, असं करू नये. अठरा तारखेला जे झालं ते झालं. घुमट खाली आला आणि आपला महिपत त्याच्याखाली गेला, हे आता कागदावरच्या आकड्यांनी वर येणार हाय का? मी हे वाक्य लिहायला सकाळपासून बसले हाय. मधे उठून गोठा झाडून आले.

मी घुमट जोडलेला बघितला होता हे तुला सांगायचं राहिलंच. पडायच्या आधी, आठ दिवस. महिपतनं मला आणि आवडीला नेलं होतं. काय दिसत होता बाय! मधे वर तो काचेचा गोल डोळा बसवायचा होता, तिथून ऊन खाली पडलं होतं, परातीएवढं. महिपत बोलला, टाळी वाजव. वाजवली. तर ती इकडून आली, तिकडून आली, पाठीमागून आली. आवडी घाबरली. महिपत बोलला, सेजल वर भोकाभोकाचे पत्रे लावणार हाय, ते आवाज गिळतात. मंग आवडीनं त्याला हाक मारली, नावानं! जन्मात कधी नवऱ्याचं नाव घेतलं नाय तिनं. तिथं घेतलं आणि ते गोल फिरून परत आलं. खूप हसली तेव्हा.

आता ती बोलते कमी. काम करते.

तुझं पत्र तेराव्याच्या आधी आलं होतं. मी तीनदा वाचलं. तू लिहिलंस की वाडीतल्या बाया काय बोलतात ते बापानं तुला सांगितलं. बोलू दे. रांडव बाईच्या हातची हळद मेढीला लावली, म्हणून पोटचा पोर गेला, असं पाणवठ्यावर बोलतात, मी आले की गप होतात. तू लिहिलंस, "आजी, हळदीनं लोखंड पडत नाही. तुझा काही दोष नाही. दोष माझा आहे, माझ्या कागदाचा." माझा दोष नाय असं तू चार ठिकाणी लिहिलं हाय. मी मोजलं.

भिकूला, महिपतच्या हाताखालच्या गड्याला, बघायला महाडच्या इस्पितळात गेले होते. पाय मांडीपासून पांढऱ्या पलिस्तरात हाय, वर टांगलाय. बाकीची माणसं कडेला होती म्हणून पळाली. मधे महिपत आणि भिकू दोघंच होते. मी मोसंबी नेली होती. तर भिकू मला बघून भिंतीकडं वळला. पाय दुखत असेल. मी मोसंबी उशाला ठेवून आले.

एक विचारू का? नुसतं विचारते, मला कळत नाय म्हणून. तो मधला टेकू, एक नंबरचा, तू पहिल्याच फेरीत सोडायला का लिहिला होतास? शेवटी सोडला तर नसता का चालला? जाऊ दे, नको सांगू. तू जेव आधी.

आवडीनं सांगितलंय, तूप पाठवते म्हणून.

तुझी आजी

*

पळसवाडी
सोमवार, १४ मे २००७

चि. सेजल हिला,

आशीर्वाद हायतच. हे पत्र टपालात टाकत नाय, सदूच्या हाती देते. तो उद्या सकाळच्या गाडीनं मुंबईला जातोय, तुझ्या हातात देईल, बापाच्या नाय, आईच्या नाय. त्याच्या पुढ्यात उघडू नको. दार लाव आणि वाच.

तुझं उत्तर शुक्रवारी मिळालं. मी बोलले होते नको सांगू, तरी तू सांगितलंस, तेही असं की दुसरी शिकलेलीला समजेल. तू लिहिलंस:

"आजी, घुमट टेकूवर असतो तोवर त्याला आपलं वजन कडेला न्यायची सवय नसते. ती हळूहळू लावायची असते. म्हणून आधी मधला टेकू बोटभर खाली घ्यायचा, मग त्याच्या बाहेरचे, मग त्याच्या बाहेरचे, शिट्टीवर, पुन्हा मधला. मधला तसाच ठेवून बाकीचे सोडले तर सगळा घुमट त्या एका काठीवर टांगला जातो आणि तिथली जाळी मोडते. पण तसं झालेलं नाही. तो टेकू काकांच्या हातात होता, आणि काकांनी माझ्या कागदाबाहेर कधी एक खिळा ठोकला नाही. म्हणजे कागदच चुकला. कुठे चुकला ते मला अजून सापडत नाही, पण चुकला. एकवीस तारखेला चौकशीचे साहेब महाडला बसणार आहेत, त्यांना मी तसं लिहून देणार आहे. ऑफिसचंही तेच म्हणणं आहे. परवाना जाईल, जाऊ दे. मला पुन्हा काही बांधायचंच नाही."

हे वाचलं आणि मी उठून तुळशीला पाणी घातलं. घातलेलंच होतं, परत घातलं. मंग कणगीतलं भात उगाच चाळलं. आवडी बोलली, आत्या, काय शोधताय?

बाय, कागद चुकला नाय.

आता सांगते, मधे थांबले तर परत लिहिणं होणार नाय.

सतरा तारखेला, मंगळवारी, दुपारचा महिपत घरी आला. बोलला, आये, उद्या टेकू सोडायचे, घरचा नारळ दे. आवडी राब भाजायला गेली होती. घरात आम्ही दोघंच. तो ओटीवर बसला, पायातली चप्पलसुद्धा काढली नाय, भूक लागलेली. खिशातून तुझा कागद काढला आणि मला दाखवायला लागला, बघ आये, हे गोल, हे आकडे, मधे एक नंबर, पहिली शिट्टी त्याची.

मी बोलले, "ती मेढ हाय."

"कसली मेढ?"

"मी हळद लावली ती. तिला पहिला हात? मेढ सगळ्यात शेवटी निघते. पंगती उठल्या, मांडव उतरला, की मंग मेढ."

तो हसला. "हा मांडव नाय गो. लोखंड हाय. सेजलनं गणित केलंय."

"सेजल काल जन्मली. मी बघितलं हाय." आणि मी त्याला त्याच्या आत्याचं सांगितलं, तुझ्या आज्याच्या बहिणीचं. तिच्या लग्नात घाईघाईत मेढ आधी उपटली आणि वर्षाच्या आत ती पांढऱ्या कपाळानं या घरात परत आली. त्यानं ते शंभरदा ऐकलं होतं.

"आये, वाढतेस का?"

ताट केलेलं होतं. दोन भाकऱ्या, वालाचं बिरडं, कांदा. मी ते ताट त्याच्यापुढं ठेवलं नाय. माझ्या मांडीवर घेऊन बसले. बोलले, आधी शपथ घे, मेढ शेवटी काढीन म्हणून, तरच वाढते.

"लहान पोर हाय का मी?"

"घे."

"अगो, बेचाळीस वर्षांचा बाप्या मी, माझ्या हाताखाली पंधरा माणसं हायत, आणि भाकरीसाठी शपथ घालतेस?"

"घे."

बाय, मी का अडून बसले ते तुला खरं सांगते, वाडीत कुणाला सांगितलेलं नाय. मला भ्या वाटत होतं. डिसेंबरात हळद लावून आले तेव्हा आनंदात होते, पण मंग महिनाभरानं मनात किडा वळवळायला लागला. रांडव बाईचा हात. काय झालं तर माझ्यावर येणार. म्हणून वाटलं, लावताना रीत मोडली, काढताना तरी रीतीनं निघू दे, म्हणजे फिटलं. तुझ्या घुमटाची मला काळजी होती असं नाय. मला माझी काळजी होती. तुम्ही दोघांनी मला मान दिला आणि मी तो जपायला बसले.

भाकरी गार झाली. चुलीवरची आमटी उतू गेली, तरी मी हलले नाय. मंग त्यानं हात लांब केला, माझ्या मांडीवरच्या भाकरीवर ठेवला आणि बोलला, "बरं बाबा. भाकरीची शपथ. मेढ शेवटी. एका टेकूनं काय आभाळ कोसळत नाय. आता दे."

अडीच भाकऱ्या खाल्ल्या. अर्धी मी वरून वाढली. जाताना नारळ काखेत मारला, पाया पडला, बोलला, सेजलला यातलं सांगू नको, ती माझी शाळा घेईल.

मी नाय सांगितलं. अठराला नाय, तेराव्याला नाय, मागच्या पत्रात नाय.

मला वाटत होतं, शपथ त्यानं वरवर घेतली असेल. महिपत हुशार, तुझ्या कागदाबाहेर जाणार नाय, मला गप करायला बोलला असेल. असं रोज मनाला सांगत होते. तुझं पत्र आलं तसं शनिवारी परत महाडला गेले. भिकूच्या खाटेला धरून उभी राहिले. बोलले, भिकू, भिंतीकडं बघू नको, मला सांग. मला सगळं ठाव हाय.

तो रडायलाच लागला. "काकी, मी बोललो त्याला. पहिली शिट्टी झाली, माझा दोन नंबर मी बोटभर उतरवला. त्याचा तसाच. बोललो, दादा, एक नंबर राहिला. तर बोलतो, आयेला शब्द दिलाय, ही शेवटी, तू तुझी सोड. कामावरचे साहेब लांब कडेला होते शिट्टी घेऊन, टेकूंच्या रानात त्यांना मधलं दिसत नव्हतं. दुसरी शिट्टी झाली. तिसरी झाली. चौथीला वर कुठंतरी कुईं वाजलं, रहाट वाजतो तसं. दादानं वर बघितलं. त्याला कळलं काकी. त्यानं दोन्ही हातांनी टेकूखालचा जॅक धरला, खाली फिरवायला बघत होता, पण तो दाबानं जाम झाला, फिरेचना. मला बोलला, पळ रे. मी पळालो. तो फिरवत राहिला."

मी विचारलं, साहेबांना का नाय सांगितलंस? बोलला, "मेलेल्या माणसाच्या नावानं कसं सांगू? आणि तुमचं नाव कसं घेऊ?"

म्हणजे माझं नाव वाचवायला भिकू भिंतीकडं वळला, आणि काकाचा भरवसा धरून तू तुझं गणित खोटं म्हणून सही करायला निघालीस. आणि पाणवठ्यावर बाया हळदीचं बोलत होत्या ते मला सोसत होतं, बरंच वाटत होतं. हळदीचा दोष काय, तो नशिबाचा. त्याच्याआड लपायला जागा होती.

आवडीला कसं सांगायचं, तोच घोर होता. तिला न सांगता तुला लिहिणं बरोबर नव्हतं. साहेबांच्या पुढं तिनं परक्या माणसांबरोबर ऐकायचं का? काल सकाळी ती अंगणात लाकडं रचत होती, पावसाची बेगमी. मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं, आत्ता लिहिलं तसंच. ती लाकडं रचत राहिली. मला वाटलं, ऐकलं नाय की काय. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं,

"मंग जेवले का ते?"

"जेवला गो."

"किती?"

"अडीच."

तिनं मान हलवली. हातातलं लाकूड ठेवलं, नीट, बाकीच्यांना जुळवून. मंग बोलली, "मी राबावरून आले तेव्हा गेले होते ते. मी विचारलं होतं तुम्हाला, जेवून गेले का. तुम्ही बोललात, पोटभर." एवढंच. मंग घरात गेली.

मी पायरीवरच होते. दुपारनं ती पिशवी घेऊन बाहेर आली. बोलली, "आत्या, सेजलला लिवा. आजच लिवा. त्या पोरीनं काय केलंय?" आणि चालायला लागली. तळीयेला गेली, माहेरी. सोळा वर्षं झाली तिला या घरात येऊन, दर वेळी उंबऱ्यावर वाकून पाया पडून जायची. काल नाय पडली. मी पाय मागं घेतले होते, तिला त्रास नको म्हणून. तिनं बघितलंसुद्धा नाय.

परत येईल का, ठाव नाय. घरी मी एकटी हाय. आजची चूल पेटवली नाय, फणसाचे गरे खाल्ले. आता तुझं.

सेजल, तू सही करायची नाय. तुझा कागद खरा होता. तू लिहिलंस की मधला तसाच राहिला तर जाळी तिथं मोडेल, आणि ती तिथंच मोडली. एकवीस तारखेला हे पत्र साहेबांच्या हातात दे. सगळं दे, फणसाच्या गऱ्यांचंसुद्धा, काय फाडून ठेवू नको, नायतर बोलतील पोरीनं आजीकडून लिहून घेतलं. मी स्वतः येणार हाय. सदूच्या चुलत्याची जीप सांगितली हाय, भिकूलाही उचलून आणतील, तो बोलायला तयार झाला. साहेब विचारतील, बाई, एवढे दिवस का गप होतात. मी सांगीन, महिपतची आई म्हणून राहायचं होतं मला. आता जे म्हणायचं ते म्हणा.

महिपतला दोष देतील. देऊ दे. तुझ्या काकानं शब्द पाळला, आणि मरताना तुझा कागद पाळायला बघत होता, जॅक फिरवत. दोन्ही बाजूंनी खरा माणूस होता. मधे मी बसले होते ताट घेऊन. हे तू तिथं सगळ्यांसमोर बोल. मला सांभाळायला जाऊ नको. मला सांभाळायच्या नादात आपला एक माणूस गेला हाय.

तुला माझं तोंड बघायचं नसेल तर त्या दिवशी बघू नको. मी दुसऱ्या बाकावर बसेन.

आणि तू लिहिलंस, पुन्हा काही बांधायचं नाय. ते खोड. पावसाळा तोंडावर हाय, महाडची माणसं पुन्हा गच्चीवर चढून बसतील नायतर शाळेच्या माळ्यावर. जोतं तुझं तसंच उभं हाय, पुरुषभर, त्याला काय झालेलं नाय, मी शनिवारी जाऊन बघून आले. कडंही शाबूत हाय. तुला परत बोलावतील, नायतर तू दुसरीकडं जाशील, पण बांध. मेढ पुजायला मला बोलावू नको. कुणालाच बोलावू नको. आणि टेकू सोडायच्या दिवशी मधे उभ्या राहणाऱ्या माणसाला सकाळी तू स्वतः वाढ. काय न बोलता वाढ.

हे पत्र मी माझ्या हातानं, शुद्धीत, कुणाच्या सांगण्यावरून नाय, असं लिहिलं हाय. लिहिलेलं सगळं खरं हाय.

सही :
जानकी धोंडू उतेकर
वय अंदाजे ७०, रा. पळसवाडी
मयत महिपत याची आई